तीन दुमडी

१२ फेब्रुवारी

ताई,

पत्राला कारण एक सही आहे. चार वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता सही मागायला बरी आठवण झाली, असं तू म्हणशील. म्हण. सोबत कागद जोडला आहे. 'पालकांचं बरंवाईट झाल्यास मुलाला सांभाळेल असा जवळचा नातेवाईक' अशी ओळ आहे, तिच्यापुढे सही करायची. ह्यांच्याकडचं कोणी उरलेलं नाही. माझ्याकडची तूच एक आहेस. त्यामुळे रागालोभाचा प्रश्नच नाही, नाइलाज आहे.

आम्ही मुलगी दत्तक घेतोय. त्यासाठी परदेशात आलोय. साडेतीन वर्षांची आहे. कागदांवर तिच्या आईवडिलांच्या जागी 'माहीत नाही' लिहिलंय; पहाटे बालगृहाच्या फाटकाशी सापडली, त्याला दीड वर्ष झालं. इथला नियम असा, की मूल लगेच हातात देत नाहीत. पाच आठवडे त्याच आवारात एका खोलीत मुलाबरोबर राहायचं. भरवायचं, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, सगळं मीच. दुसऱ्या कोणी तिला उचलायचंसुद्धा नाही. ती दुसऱ्याकडे गेली तर हाताला धरून हळूच माझ्याकडे वळवायची. आठवड्यातून दोनदा एक बाई वही घेऊन येते, कोपऱ्यात बसते आणि आमच्याकडे बघत लिहीत राहते. तिला मी वहीवाली म्हणते. तिच्या वहीत 'नातं जुळलं' असं आलं, की न्यायाधीशापुढे उभं राहायचं. नाही आलं तर जसे आलो तसे परत.

पोरगी हडकुळी आहे, नजर बोचरी. मी तिला टाचणी म्हणते. बोलत अजिबात नाही. डॉक्टर म्हणतात कान ठीक, जीभ ठीक, बोलेल. गुणी मात्र विचारू नकोस. सकाळी उठली की स्वतः कपडे काढते, घडी घालते आणि घडी मांडीवर घेऊन दाराशी बसते. धुणं न्यायला बाई येते तिच्या टोपलीत स्वतःच्या हाताने टाकते. आपल्यात कुणाला एवढी शिस्त होती?

सही तेवढी लवकर पाठव.

— मी

२० फेब्रुवारी

ताई,

सही केलेला कागद मिळाला. पाकिटात चिठ्ठी नव्हती, मी उलटं करून झटकून पाहिलं. बरोबरच आहे, मी तरी कुठे तुझी विचारपूस केली होती?

ह्यांची रजा संपली, ते परवा परत गेले. सुनावणीला पुन्हा येतील. आता मी, टाचणी आणि एक दुभाषी बाई. दुभाषी बाई शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. अजून वर्गातच असल्यासारख्या बोलतात, आणि दोन वाक्यं मी एकदम बोलले की बोट वर करून थांबवतात. एका वेळी एकच वाक्य. माझ्यासारखीला ही शिक्षाच.

खोलीचं सांगायचं तर पहिल्या मजल्यावर आहे, खाली धुलाईखोली. दिवसभर यंत्रांची घरघर आणि साबणाचा वास. एक पलंग, एक लहान खाट, टेबल, आणि भिंतीवर नियमांचा कागद. मी घरून सुई-दोरा आणि कात्री आणली आहे. हाताला काम नसलं की माझं डोकं चालायला लागतं, ते तुला माहीत आहे.

लिहू नये ते लिहिते. पोर माझ्याकडे येत नाही. मी भरवलं तर तोंड उघडते, आंघोळीला हात वर करते, पण असं वाटतं की शिवणकामाच्या पुतळ्यालाच कपडे घालतेय. आणि ती धुणेवाली आली की तिच्या टोपलीच्या काठाला जी चिकटते, ती सोडवेपर्यंत सुटत नाही. रडत नाही, ओरडत नाही, नुसती धरून उभी राहते. धुणेवालीही टोपली खाली ठेवून उभी. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत. मी नियमाप्रमाणे पोरीच्या हाताला धरून हळूच वळवते. काल एक एक बोट सोडवावं लागलं.

वहीवालीने हे दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा पुष्कळ लिहिलं. जाताना तिने दुभाषी बाईंच्या तोंडून कळवलं, की असंच राहिलं तर तिला प्रतिकूल लिहावं लागेल.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, ताई. दुसऱ्याच दिवशी मी अधीक्षिकेकडे गेले. म्हटलं, तुमचा नियम आहे ना, मग ती बाई रोज आमच्या दारात का? ती आसपास आहे तोवर हे मूल कुणाचंच होणार नाही. दुभाषी बाईंनी वाक्यावाक्याने सांगितलं. अधीक्षिका म्हणाल्या, बघते.

मला एवढंच हवं होतं, की तिने धुणं खालच्या खाली घ्यावं. एवढंच, खरंच.

— मी

२७ फेब्रुवारी

ताई,

धुणेवालीला कामावरून काढलं. मी एवढं मागितलं नव्हतं. अधीक्षिकेने त्याच दुपारी तिचा पाणउतारा करून घालवलं म्हणे.

आणि नातं जुळलं. वहीवालीच्या वहीत तसं आलं. कारण दोन दिवस टाचणी दाराशी कपड्यांची घडी घेऊन बसली, धुणं न्यायला वेगळीच बाई आली, तेव्हा तिने घडी टोपलीत टाकली नाही. छातीशी धरली. तिसऱ्या दिवशी ती उठली, येऊन माझ्या मांडीवर बसली आणि माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं. वहीवाली समोरच होती. तिने चक्क पेन खाली ठेवलं आणि हसली. दुभाषी बाईंनी माझं अभिनंदन केलं. ह्यांना फोन केला, तर हे फोनवर रडले.

मला रडू आलं नाही. मांडीवरचं मूल एवढं हलकं असतं का? बटण मांडीवर बसला की पाय बधिर व्हायचे माझे.

चार वर्षांत त्याचं नाव मी कुठे काढलं नाही. घरात सुद्धा आम्ही दोघं त्याच्याबद्दल बोलत नाही. बटणांच्या डब्यात हात घालून बसायचा म्हणून बटण. तू आता त्याला काय म्हणतेस, मला माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. टाचणीने घट्ट धरलेला तो फ्रॉक मी काल रात्री ती झोपल्यावर हातातून सोडवला आणि हाताने धुतला. वाळत घालताना उलटा केला. घेराला आतून तीन दुमडी आहेत. एकीवर एक, बारीक धावदोऱ्याने घातलेल्या, सहज उसवाव्यात अशा. शिवाय बगलेत कापड सोडलंय, खांद्याच्या पट्टीला दोन बटणं पुढच्या वाढीची.

तुला शिवणातलं कळत नाही म्हणून सांगते. बालगृहात कपडे कुणा एकाचे नसतात. धुऊन ढीग पडतो, मापाला येईल ते ज्याच्या त्याच्या अंगावर चढतं. आज इथे असलेलं मूल उद्या कुठे जाईल सांगता येत नाही. तिथे तीन वर्षं वाढतं राहील असं कापड कोण शिवतं? आणि एवढ्या ढिगातून तोच फ्रॉक रोज त्याच पोरीच्या अंगावर कसा येतो? ढीग लावणारीच तसा लावते, म्हणून.

दुमडीचे टाके मी भिंगाखाली पाहावेत तसे पाहिले. वीस वर्षं मी लोकांच्या पोरांचे कपडे शिवतेय. असे टाके पगारासाठी कोणी घालत नाही.

— मी

४ मार्च

ताई,

मी त्या धुणेवालीच्या घरी जाऊन आले. न जाता गप्प बसले असते तर बरं झालं असतं. परवा सुनावणी आहे.

दुभाषी बाईंना मी फ्रॉक उलटा करून दाखवला. त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, पत्ता मिळेल. टाचणीला तासाभरासाठी डॉक्टरीण बाईंजवळ तपासणीला ठेवलं आणि आम्ही निघालो. बसगाड्यांच्या आगारामागे एक लांब इमारत, दोन्ही अंगांना दारं, मधे अंधारी वाट. तिचं दार शेवटून दुसरं. एकच खोली, पण लख्ख. चूल, एक खुर्ची, तिची गादी जमिनीवर. आणि खिडकीखाली एक नवीन लहान खाट. तिच्यावर चादर ताणून घातलेली. कोणी झोपलेलं नव्हतं तिच्यावर कधी.

मला पाहून ती भांडली नाही. खुर्ची पुढे केली. मी फ्रॉकचं विचारल्यावर तिने सगळं सरळ सांगितलं. नवरा गेला, राहती जागा गेली, दोन वर्षांचं मूल घेऊन ती स्टेशनाच्या बाकावर राहत होती. मुलगी खोकायला लागली तेव्हा तिने तिला फाटकाशी ठेवलं आणि दोन महिन्यांनी त्याच फाटकातून कामाला आत गेली. मूल टाकणं हा इथे गुन्हा आहे, म्हणून बोलली नाही. दूर राहून तरी डोळ्यांसमोर राहील, एवढंच पाहिलं. खोली मिळायला तीन वर्षं लागतील असा तिचा अंदाज होता. म्हणून तीन दुमडी. पण खोली दीड वर्षातच मिळाली. तोवर आमचे कागद पुढे सरकले होते.

मी विचारलं, पोर बोलत का नाही?

"मीच तिला शिकवलं होतं, इथे मला हाक मारायची नाही," ती म्हणाली. "तेव्हापासून ती कुणालाच हाक मारत नाही."

दुभाषी बाईंनी हे वाक्य सांगितलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

मग त्यांनीच मला कायदा समजावला. निकालाआधी कोणी न्यायाधीशापुढे सांगितलं की आई आहे, राहायला जागा आहे, तर शिक्षा सौम्य होते आणि मूल देखरेखीखाली आईकडे जाऊ शकतं. पण कामावरून काढलेल्या बाईचं कोण ऐकणार? ते मूल घ्यायला आलेलीच सांगेल तर गोष्ट वेगळी.

ती बाई माझ्या पाया पडली नाही, ताई. पडली असती तर मला राग तरी आला असता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, बघते. अधीक्षिका म्हणाली होती ना, तसंच.

हे उद्या येतील. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. घरी त्यांनी भिंतीला रंग दिलाय.

— मी

७ मार्च

ताई,

न्यायाधीश वयस्कर होते, दोनदा शिंकले आणि दोन्ही वेळा क्षमा मागितली. वहीवालीने वही वाचून दाखवली. टाचणी माझ्या कडेवर, माझ्या पदराचं टोक तिच्या मुठीत. हे शेजारी, नवा शर्ट घालून.

शेवटचा प्रश्न होता: या मुलीचं कोणी नातेवाईक आपल्या माहितीत आहे का?

मी म्हटलं, "नाही."

एकच वाक्य होतं, तरी दुभाषी बाईंनी बोट वर केलं. मला वाटतं सवयीने. माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं असेल मी अजून काही बोलेन. न्यायाधीशांनी मान उचलली, तेव्हा त्यांनी ते एक वाक्य त्यांच्या भाषेत सांगितलं.

सगळं झाल्यावर फाटकाशी मी त्यांचे आभार मानायला गेले. त्या म्हणाल्या, "मी फक्त शब्द पोचवते." आणि छत्री उघडून गेल्या. जाताना एक कागद मात्र ह्यांच्या हातात दिला, निकालाची पाठची बाजू आपल्या भाषेत लिहून. सहा महिन्यांच्या आत निकालावर हरकत घेता येते, असं त्यात आहे. ह्यांनी तो न वाचताच पिशवीत टाकला.

मी हे दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही. तुला लिहिते, कारण तू मला आधीच वाईट समजतेस.

— मी

२ एप्रिल

ताई,

आम्ही घरी आलो त्याला तीन आठवडे झाले. शेजारीपाजारी येऊन बघून जातात. किती शहाणी मुलगी, रडत नाही, हट्ट नाही, स्वतःचे कपडे स्वतः घडी घालते. मी मान डोलावते. हे तिला खांद्यावर घेऊन घरभर हिंडतात, घोड्यासारखे खिंकाळतात. त्यांना मी आयुष्यात एवढं वेडगळ पाहिलं नव्हतं. ती हसत नाही, पण ते काही थांबत नाहीत.

तिची उंची वाढली. दुसरा फ्रॉक घालू देत नाही, म्हणून मी पहिली दुमड उसवली. जुन्या दुमडीची रेघ राहते कापडावर. व्हिनेगर लावलं, ओला कपडा ठेवून इस्त्री केली, सगळे उपाय केले. इतरांना दिसत नाही. मला दिसते.

एक विचारायचं आहे, आणि ते विचारण्याआधी दुसरं काही म्हणायला हवं.

तू माझ्या दारात उभी राहिलीस तो दिवस. तुझी मोठी लेक तापात गेली त्याला दोनच महिने झाले होते. तू आत आली नाहीस. उंबऱ्याबाहेरूनच म्हणालीस, माझा मला परत दे. चार महिन्यांचा असताना तूच आपण होऊन माझ्या ओटीत घातला होतास. घरातल्या घरात कागद कशाला, असं दाजी म्हणाले होते. अडीच वर्षांचा झाला होता तो. मी तेव्हा तुला काय म्हणाले ते तू विसरली नसशील. एक सांभाळता आली नाही, आता ह्याला मारायला नेतेस का, असं म्हणाले. ते मी म्हणाले, ताई. रागात म्हणाले असं सांगून सुटता येणार नाही. जिथे दुखेल तिथेच लागावं म्हणून म्हणाले. तेव्हापासून एक दिवस असा गेला नाही की ते मला ऐकू आलं नाही. मला माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही, तरी म्हणते.

आता प्रश्न. तू तीन महिन्यांनी एक ओळ पाठवली होतीस, 'तो रुळला' म्हणून. त्याआधी तो किती दिवस रडला? खरं सांग. माझं मन राखायला नको.

— मी

१९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी टेबलाशी होते, दुसऱ्यांदा जमिनीवर.

तू लिहिलंस, तो रडला नाही. एक दिवससुद्धा नाही. रोज सकाळी उठून पायात बूट घालायचा आणि दाराशी बसायचा. कोणी काढायला गेलं तर पाय आखडून घ्यायचा. घरात सगळे म्हणायचे, किती शहाणा, स्वतःचे बूट स्वतः घालतो. तीन महिने. मग एका सकाळी त्याने बूट घातले नाहीत, आणि त्याच दिवशी तू मला ती ओळ पाठवलीस. त्याच रात्री त्याला तुझ्याकडे वळून झोपलेला पाहून तुला रडू फुटलं, आनंदाने नव्हे, असंही तू लिहिलंस. चार वर्षं तू हे कुणाला सांगितलं नव्हतंस. दाजींनाही नाही.

मी पत्र घडी करून उठले, तर टाचणी दाराशी होती. सकाळचे सात. फ्रॉकची नीट घडी घालून, ती मांडीवर घेऊन बसलेली. तो फ्रॉक धुतलेला होता. मीच रात्री तिच्या उशाशी ठेवला होता. अंगात घातलाच नव्हता तिने. धुतलेला कपडा घेऊन धुणं न्यायला येणारीची वाट बघत होती.

ही शिस्त आहे, असं मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. वीस वर्षं सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला एवढं दिसू नये!

ह्यांना सगळं सांगितलं. खोली, खाट, माझं 'नाही', सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला परत एकदा सोसेल का?" म्हटलं, नाही सोसणार. मग ते आत गेले, पिशवीतून तो कागद शोधून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. आठ दिवस झाले, आमच्यात त्यापुढे बोलणं नाही. पण खांद्यावर घेऊन हिंडणं थांबलेलं नाही.

न्यायाधीशांना पत्र लिहिलं. मी खोटं बोलले, आई आहे, तिचा पत्ता अमुक, खोली मी डोळ्यांनी पाहिली आहे, साक्षीला येईन. दुभाषी बाईंकडे पाठवलं, एका ओळीत एकच वाक्य लिहून. काल त्यांचा फोन आला. पत्र दाखल झालं. मलाही खोट्या साक्षीबद्दल जाब द्यावा लागेल म्हणाल्या. मुलीला घेऊन पुढच्या महिन्यात हजर राहायचं आहे. निकाल काय लागेल सांगता येत नाही. तिघींपैकी कुणालाच काही मिळणार नाही असंही होऊ शकतं. फोन ठेवताना म्हणाल्या, ती बाई आगारात साफसफाईला लागली आहे, खोली सोडलेली नाही.

उरलेल्या दोन दुमडी मी उसवणार नाही. त्या माझ्या नाहीत.

आज सकाळी मीसुद्धा टाचणीशेजारी दाराशी बसले. तिला उठवलं नाही, वळवलं नाही. फ्रॉकवर बोट ठेवून मी त्या बाईचं नाव घेतलं. फक्त नाव. तिने माझ्याकडे पाहिलं. मग ओठ हलवले, आवाज काढला नाही, आणि पटकन तळहाताने स्वतःचं तोंड झाकलं.

ताई, पुढच्या महिन्यानंतर या घरात बहुतेक आम्ही दोघंच असू. त्याआधी एकदा ये. त्याला घेऊन ये. ठेवायला नको, मी मागणारही नाही. बटणांचा डबा अजून त्याच फळीवर आहे. तो मला ओळखणार नाही, आणि ओळखलंच तर घाबरेल, की मावशी आता ठेवून घेते की काय. म्हणून आधीच सांगून ठेव त्याला, दार उघडंच राहील. आणि बूट काढायची गरज नाही.

— तुझी धाकटी